हॅलोविनची रात्र: कथेतलेच पेय पेल्यात

हॅलोविनच्या रात्री चार माणसांना घरी बोलवावे, दिवे मंद करावेत, भयकथा वाचाव्यात आणि सोबत काहीतरी गरम प्यायला द्यावे, एवढीच साधी योजना असते. तरीही ती पुष्कळदा फसते आणि फसण्याचे कारण बहुधा कथा नसून पेय असते. कथा रंगात आलेली असताना कोणीतरी पेला भरून घ्यायला उठतो, कोणाला साखर कमी वाटते, आणि वाचणाऱ्याने वीस मिनिटे खपून जमवलेली शांतता एका चमच्याच्या किणकिणाटाने मोडते. एका वर्षी बर्फ घातलेले थंड पेय वाटण्याची चूक मी स्वतः केली होती. कथेतील खुनी माणूस अंधारात श्वास रोखून उभा असतानाच एका पेल्यातला बर्फ कडकन तडकला, पुढे बसलेले दोघे हसले आणि उरलेली कथा सगळ्यांनी केवळ सौजन्याने ऐकली. तेव्हापासून पेयांची आणि कथांची आखणी मी वेगवेगळी करत नाही. आधी कथा ठरवायची आणि मग त्या कथेतील माणसे जे पीत असतात तेच शक्यतो ऐकणाऱ्यांच्या हाती द्यायचे, हा माझा नियमच झाला आहे. इंग्रजीतील जुन्या भयकथांच्या बाबतीत तो पाळणे अवघडही नाही, कारण त्यांतील माणसे सतत काही ना काही पीत असतात.

या रात्रीला सफरचंदाची आणि मसाल्याची पेये का शोभतात, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे निवड सोपी होते. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेतील सर्व संतांचा दिवस. हॅलोविन ही त्याची पूर्वसंध्या, म्हणून ते ३१ ऑक्टोबरला येते. त्याच्या मुळाशी आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील साविन हा जुना केल्टिक सण असल्याचे मानले जाते. साविन म्हणजे सुगीचा शेवट आणि हिवाळ्याचा आरंभ. जिवंतांचे आणि मृतांचे जग यांमधला पडदा त्या रात्री विरळ होतो, अशी समजूत होती. सफरचंदे नुकतीच उतरवलेली असत, त्यामुळे पाण्यात तरंगणारी सफरचंदे दातांनी पकडण्याचा खेळ, भाजलेली सफरचंदे आणि सफरचंदाची पेये या रात्रीशी जोडली गेली. आयर्लंडमध्ये कंदील सलगम कोरून करत असत. तिथून अमेरिकेत गेलेल्या लोकांबरोबर ही चाल तिकडे गेली आणि सलगमाची जागा भोपळ्याने घेतली.

कथा निवडताना

मोठ्याने वाचताना इंग्रजी मजकूर मिनिटाला साधारण १३० शब्दांच्या गतीने पुढे सरकतो, आणि भयकथा त्याहूनही सावकाश वाचावी लागते. या हिशेबाने दोन हजार शब्दांच्या कथेला पंधरा ते वीस मिनिटे, तर चार हजार शब्दांच्या कथेला अर्धा तास लागतो. अर्ध्या तासापेक्षा लांब कथा एका बैठकीत वाचू नये. तेवढा वेळ माणसे घाबरून राहू शकत नाहीत, ती फक्त अवघडतात. एका रात्रीला तीन कथा पुरेत. पहिली छोटी आणि थोडी खोडकर असावी, दुसरी सर्वांत भारी असावी आणि तिसरी अशी असावी की तिच्यानंतर कोणालाही फारसे बोलावेसे वाटू नये. खाली ज्या लेखकांचा उल्लेख आहे त्या सर्वांच्या निधनाला सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे आणि त्यांच्या कथा इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळतात, त्यामुळे छापील पुस्तकावर अडून राहण्याचे कारण नाही.

सुरुवातीसाठी साकी यांची ‘द ओपन विंडो’ ही कथा मला सर्वांत सोयीची वाटते. १९१४ च्या संग्रहात आलेली ही कथा दहा मिनिटांत संपते, ती ऑक्टोबरमधल्या एका दुपारी घडते आणि तिच्यात चहाची वेळ होत आलेली असते. तेव्हा पाहुणे येताच साधा काळा चहा द्यावा, खोलीतील एक खिडकी उघडी ठेवावी आणि तिच्याबद्दल चकार शब्द काढू नये. थंडी वाजते म्हणून कोणी ती लावायला निघाले तर तेवढे मात्र थांबवावे. कथा सुरू झाल्यावर सगळ्यांची नजर आपोआप तिकडे वळते.

दुसऱ्या कथेसाठी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या १९०२ मधील ‘द मंकीज पॉ’ला तोड नाही. बाहेर पावसाळी, थंड रात्र आहे, आत शेकोटी पेटली आहे, भारतातून परतलेला एक वयस्क सैनिक पाहुणा म्हणून आला आहे, आणि यजमान व्हिस्की व पेले काढून तांब्याची लहान किटली विस्तवावर चढवतो. तिसऱ्या पेल्यानंतर पाहुण्याची जीभ सैल होते आणि तीन इच्छा पुरवणाऱ्या त्या वाळलेल्या पंजाची हकीकत बाहेर येते. या कथेबरोबर व्हिस्की, मध, लिंबू आणि गरम पाणी यांची टॉडी द्यावी. मद्य न घेणाऱ्यांसाठी व्हिस्कीच्या जागी कडक उकळलेला आल्याचा काढा घातला तरी घशाला तीच ऊब मिळते. किटली शक्य असल्यास खोलीतच ठेवावी, कारण पाणी तापत असतानाचा तिचा बारीक आवाज कथेच्या पहिल्या भागाला फार पोषक ठरतो. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. या कथेत दारावरच्या थापेला मोठे महत्त्व आहे, आणि ज्या गावांत या रात्री मुले मिठाई मागत घरोघर फिरतात तिथे नको त्या क्षणी खरोखरच दार वाजू शकते. मुलांची फेरी आटोपेपर्यंत ही कथा हाती घेऊ नये. नको त्या क्षणाऐवजी नेमक्या क्षणी थाप पडली तर काय होईल, हा मोह मलाही दरवर्षी होतो, पण नशिबावर एवढी भिस्त ठेवता येत नाही.

तिसरी कथा एडगर ॲलन पो यांची असावी, असे माझे ठाम मत आहे. ‘द टेल-टेल हार्ट’ ही १८४३ मधील कथा वाचायला वीस मिनिटेही लागत नाहीत आणि ती सुरू होण्यापूर्वी सर्वांनी पेले खाली ठेवलेले असावेत, कारण तिच्यात एक आवाज हळूहळू वाढत जातो आणि दुसरा कोणताही आवाज त्याच्या आड येता कामा नये. पेयासह वाचायची असेल तर त्यांचीच १८४६ मधील ‘द कास्क ऑफ अमाँटिलाडो’ घ्यावी. अमाँटिलाडो हा स्पेनच्या दक्षिणेकडील अँडलुशिया प्रांतातील शेरी या वाइनचा एक प्रकार असून त्याचा रंग अंबरासारखा आणि चव बदाम-अक्रोडाच्या वळणाची, बहुधा कोरडी असते. तो लहान पेल्यात, किंचित थंड करून, माणशी पन्नास-साठ मिलिलिटरच द्यावा. कथेतील दोघे तळघरात खोल उतरत जाताना दमट हवेचा त्रास होऊ नये म्हणून वाटेत मेडॉक ही फ्रान्समधील लाल वाइन पितात. तेव्हा शेरी न मिळाल्यास कोणतीही साधी लाल वाइन किंवा गडद द्राक्षांचा बिनसाखरेचा रस चालून जातो. अमाँटिलाडोचा घोट ऐकणाऱ्यांनी नेमका केव्हा घ्यावा, हे त्यांच्यावरच सोडावे. बहुतेक जण शेवटच्या पानावर पेल्याकडे नुसते बघत बसतात.

याखेरीज तीन लांबलचक कृती अशा आहेत की त्या पूर्ण वाचता येणार नाहीत, पण त्यांतील निवडक उतारे सोन्यासारखे आहेत. वॉशिंग्टन अर्व्हिंग यांची ‘द लेजेंड ऑफ स्लीपी हॉलो’ १८२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हडसन नदीच्या खोऱ्यातील शरद ऋतूचे वर्णन आहे, पिवळे भोपळे आहेत आणि रस काढण्यासाठी रचलेले सफरचंदांचे ढीग आहेत. मेजवानी संपवून शाळामास्तर घोड्यावरून एकटा घरी निघतो तिथपासून वाचायला घ्यावे आणि सोबत मसाल्याचा गरम सफरचंदरस द्यावा. शेरिडन ले फानू यांच्या १८६९ मधील ‘ग्रीन टी’ या कथेत तर पेयाचेच नाव शीर्षकात आहे. रात्री जागून ग्रीन टी पीत लिहिणारा एक धर्मोपदेशक घोड्यांच्या बसमधून घरी जात असताना अंधाऱ्या कोपऱ्यात त्याला तांबूस प्रकाशाचे दोन ठिपके दिसतात. एवढाच प्रसंग वाचावा. ग्रीन टीसाठी पाणी उकळते न घेता ऐंशी अंशांच्या आसपास घ्यावे आणि पाने दोन मिनिटांत काढून टाकावीत, नाहीतर चहा कडू होतो आणि भीतीचे श्रेय विनाकारण त्याला जाते. तिसरी कृती ब्रॅम स्टोकर यांची १८९७ मधील ‘ड्रॅक्युला’. तिचे पहिले प्रकरण जॉनथन हार्करच्या प्रवासाचे आहे. किल्ल्याकडे नेणाऱ्या गाडीचा चालक त्याला सांगतो की आसनाखाली स्लिवोव्हित्झची, म्हणजे आलुबुखारापासून काढलेल्या ब्रँडीची, एक बाटली ठेवली आहे. हार्कर ती पीत नाही, पण ती जवळ आहे याचाच त्याला आधार वाटतो. भित्र्या माणसाचे इतके नेमके चित्र मला फार कमी ठिकाणी आढळले आहे.

पेये तयार करताना

मसाल्याच्या गरम सफरचंदरसाविषयी आधी एक शब्द स्पष्ट करायला हवा. अमेरिकेत सायडर म्हणजे न गाळलेला, गढूळ, मद्यविरहित सफरचंदरस. ब्रिटनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ आंबवलेले, मद्य असलेले पेय असा होतो. कृती वाचताना ती कुठल्या देशातील आहे हे पाहिले नाही तर मुलांच्या पेल्यात भलतेच काही जायचे. आठ जणांसाठी दोन लिटर गढूळ रस जाड बुडाच्या भांड्यात ओतावा. त्यात दालचिनीच्या तीन कांड्या, आल्याचा अंगठ्याएवढा ठेचलेला तुकडा आणि संत्र्याच्या सालीच्या दोन पट्ट्या घालाव्यात. लवंगा सुट्या सोडू नयेत; आठ-दहा लवंगा एका छोट्या अख्ख्या संत्र्यात टोचून ते संत्रे रसात तरंगत ठेवावे. एकदा अंधारात एका पाहुण्याच्या तोंडात लवंग आली आणि ती त्याने नेमकी कथेतल्या शांत क्षणी चावली, हे पाहिल्यापासून संत्र्याची ही युक्ती मी सोडलेली नाही. शिवाय लवंगा जास्त झाल्या तर जीभ बधिर होते आणि बाकी कुठलाच स्वाद कळत नाही.

भांडे अगदी मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवावे. रस उकळू देऊ नये. कडेला बारीक मोत्यांसारखे बुडबुडे धरू लागले, पृष्ठभाग थरथरू लागला आणि वाफ सरळ वर न जाता आळसावल्यासारखी पसरू लागली की आच तेवढीच ठेवावी. खळखळून उकळलेल्या रसाला शिजलेल्या फळाचा वास येतो. साखर शेवटी चाखून मगच घालावी, कारण पिकलेल्या फळांच्या रसाला बहुधा तिची गरज नसते. जायफळ पेल्यावर आयत्या वेळी किसावे. ज्यांना रम किंवा ब्रँडी हवी असेल त्यांच्या पेल्यात ती वाढताना वेगळी घालावी. मद्यार्क ७८ अंशांच्या आसपास उकळतो, त्यामुळे ते तापत्या भांड्यात घातले तर त्यातला बराचसा अंश वाफेबरोबर निघून जातो, आणि मुख्य म्हणजे एकच भांडे मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी वापरता येत नाही.

इंग्लंडमधील लॅम्ब्जवूल हे जुने पेय थोडे खटाटोपाचे आहे, पण ज्यांनी ते कधी पाहिलेले नाही त्यांच्यासमोर ते आणण्यात मौज आहे. सहा आंबट-गोड सफरचंदे सालीसकट ओव्हनमध्ये १८० अंशांवर पाऊण तास भाजावीत. साल फुटून आतला गर बाहेर फुगून आला की ती झाली असे समजावे. गर चाळणीतून दाबून काढावा. दीड लिटर एल बिअर, किंवा मद्य नको असेल तर सफरचंदरस, शंभर ग्रॅम तपकिरी साखर, चमचाभर सुंठ आणि अर्धे किसलेले जायफळ एकत्र गरम करून त्यात हा गर घुसळावा. घुसळताना वर पांढरट, मऊ, लोकरीसारखा फेस येतो आणि त्यावरूनच कोकराच्या लोकरीचे नाव या पेयाला मिळाले, असे सांगतात. फेस पाच-सात मिनिटांत बसतो, म्हणून हे पेय दोन कथांच्या मधल्या वेळेतच वाढावे.

मुलांसाठी भोपळ्याचे हॉट चॉकलेट करता येते. एक लिटर दूध, शंभर ग्रॅम गडद चॉकलेट, उकडून वाटलेला दीडशे ग्रॅम भोपळा आणि अर्धा चमचा मसाला एवढेच त्याला लागते. ज्याला अमेरिकेत पंपकिन स्पाइस म्हणतात त्या मसाल्यात भोपळा मुळीच नसतो. भोपळ्याच्या ‘पाय’ या गोड, भाजलेल्या पदार्थात घालायचे ते मिश्रण आहे आणि ते घरी करताना चार भाग दालचिनी, दोन भाग सुंठ, एक भाग जायफळ व अर्धा भाग लवंग हे प्रमाण मला पुरेसे वाटते. कोरण्यासाठी विकले जाणारे मोठे भोपळे पाणचट आणि धागेदार असतात, त्यामुळे कंदिलातून निघालेला गर पेयात ढकलण्याचा मोह टाळावा आणि खाण्यासाठी लहान, गोड भोपळा वेगळा आणावा. बिया मात्र मोठ्या भोपळ्याच्याही उत्तम भाजल्या जातात; फक्त त्या कथा सुरू होण्यापूर्वी संपवाव्यात, कारण त्या कुरकुरीत असतात.

धूर निघणाऱ्या पेयांचे आकर्षण अनेकांना असते. त्यासाठी वापरला जाणारा ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असून त्याचे तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास असते. तो त्वचेला लागला तर इजा होते आणि पोटात गेला तर जिवावर बेतू शकते. तो कोणाच्याही पेल्यात घालू नये, उघड्या हाताने धरू नये आणि बंद खोलीत वापरू नये. खरे सांगायचे तर गरम पेयाची वाफ मंद दिव्यात तितकीच चांगली दिसते, आणि तिच्यासाठी हातमोजे घालावे लागत नाहीत.

पेले जाड मातीचे किंवा चिनी मातीचे, कानाचे असावेत. पातळ काचेचे पेले आवाज करतात आणि लवकर थंडही होतात. ते पाऊण भरावेत, साखर-मध आधीच मिसळलेले असावे, चमचे स्वयंपाकघरातच राहावेत, आणि प्रत्येकाच्या बाजूला पेला टेकवायला कापडाची घडी ठेवावी.

वाचन आणि उजेड

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये एम. आर. जेम्स हे नाताळच्या सुमारास मित्रांना स्वतःच्या भुताच्या कथा वाचून दाखवत असत, आणि वाचायला बसण्यापूर्वी एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवत. पद्धत उत्तम आहे, पण एका मेणबत्तीवर बारीक अक्षरे वाचणे सर्वांना जमणारे नाही. वाचणाऱ्याच्या खांद्यामागून फक्त पानावर पडेल असा एक लहान दिवा ठेवावा, म्हणजे पान उजळते आणि चेहरा अर्धा काळोखात राहतो. भोपळ्याच्या कंदिलात मेणबत्ती लावली असेल तर तो पडद्यांपासून, वाळक्या पानांच्या सजावटीपासून आणि मुलांच्या लांब झग्यांपासून दूर असावा. खोलीत गर्दी असेल तर बॅटरीवरचा दिवाच बरा.

कथा आदल्या दिवशी घड्याळ लावून दोनदा मोठ्याने वाचून पाहावी. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करावी, लांबलेली वर्णने पेन्सिलीने कापावीत, आणि मोठ्या अक्षरांत छापून घेताना पानाचा शेवट अशा ठिकाणी येऊ द्यावा की पान उलटण्याचा क्षण हाच थांबण्याचा क्षण होईल. पात्रांचे वेगवेगळे आवाज काढू नयेत. त्यात पटाईत असलेला माणूस विरळा, आणि बाकीच्यांचे ऐकून हसू येते. भीतीच्या जागी आवाज चढवण्याऐवजी उतरवावा, म्हणजे ऐकणारे आपोआप पुढे झुकतात. ऐकणाऱ्यांत कोणी नवखे असेल तर भाषांतर वाचावे, पण वाचता वाचता तोंडी भाषांतर करण्याच्या फंदात पडू नये.

पेये वाटण्याचे काम वाचणाऱ्याने स्वतःकडे घेऊ नये, ते दुसऱ्या कोणावर तरी सोपवावे. पेले भरून झाले, सर्वांनी पहिला घोट घेतला आणि बोलणे आपोआप कमी झाले की वाचायला लागावे. जिभेला पोळेल इतके गरम पेय हातात असताना कोणाचेही लक्ष पहिल्या परिच्छेदाकडे नसते. कथा संपल्यावर लगेच मोठा दिवा लावू नये. निदान मिनिटभर तरी कोणालाही बोलायला सांगू नये, आणि त्यानंतरही पहिले वाक्य यजमानाने बोलू नये.

रात्री उरलेल्या सफरचंदरसातील मसाले आणि संत्रे लगेच काढून टाकावे, कारण रात्रभर तसेच राहिल्यास रस कडवट होतो. गाळून फ्रिजमध्ये ठेवलेला रस दोन-तीन दिवस टिकतो. त्यापूर्वी मात्र त्यातला थोडा पुन्हा गरम करून एका थर्मासमध्ये भरावा आणि ज्याला सर्वांत लांब, एकट्याने चालत जायचे आहे त्याच्या हाती द्यावा. तो वाटेत उघडला गेला नाही तरी चालते. हार्करनेही बाटली उघडली नव्हती.